ला होयाच्या कड्यावरचं विद्यापीठ: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

सॅन डिएगो शहराच्या उत्तरेला ला होया इथं पॅसिफिक महासागराच्या कड्यावर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, सॅन डिएगो (यूसीएसडी) हे सरकारी विद्यापीठ आहे. विद्यापीठाची स्थापना १९६० ची, पण त्याच्या पोटातली स्क्रिप्स ही समुद्रविज्ञान संस्था १९०३ पासूनची. इथल्या प्रवेशाबद्दल, अभ्यासाबद्दल आणि खेळांबद्दल वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. बहुतेक पत्रांत अर्ज कसा भरायचा हे विचारलं आहे. पण अर्जात जे लिहायचं ते नववी ते अकरावीतच ठरून गेलेलं असतं, म्हणून उत्तरं जरा मागून सुरू होतील.

प्रश्न : मुलगा पुण्यात बारावी सायन्सला आहे. दहावीला ९४ टक्के, सॅट या अमेरिकी प्रवेशपरीक्षेत १४९० आणि सरांची दोन शिफारसपत्रं तयार आहेत. यूसीएसडीला आधी काय पाठवायचं? (एक पालक, पुणे)

उत्तर : आधी काहीच पाठवायचं नाही. सॅटचे गुण यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या; यूसीएसडी हा तिचाच एक कॅम्पस) कुठल्याच कॅम्पसवर प्रवेशासाठी पाहिले जात नाहीत. १४९० असोत की १५९०, निवड करणाऱ्यांसमोर तो आकडा येतच नाही. शिफारसपत्रंही मागवली जात नाहीत, तेव्हा सरांना ती दुसऱ्या विद्यापीठांसाठी राखून ठेवायला सांगा.

यूसीचा अर्ज सगळ्या कॅम्पसना मिळून एकच असतो. तो १ ऑगस्टला भरण्यासाठी खुला होतो आणि १ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर या काळात दाखल करायचा असतो. ३० तारीख शनिवार-रविवारी आली तर पुढच्या सोमवारपर्यंत मुदत मिळते. कॅलिफोर्नियात रात्रीचे ११.५९ वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारचे १.२९ झालेले असतात. पण त्या दुपारचा भरवसा धरू नका, शेवटच्या दिवशी साइट रेंगाळते आणि कार्डाचं पेमेंट अडकतं. परदेशी विद्यार्थ्याला प्रत्येक कॅम्पससाठी ९५ डॉलर पडतात. पाच कॅम्पसवर खूण केली की ४७५ डॉलर झाले, म्हणून यादी विचार करून ठरवा.

महाराष्ट्रातली मुलं अडकतात ती अकरावीपाशी. अर्जात नववी, दहावी आणि अकरावीचे विषयवार गुण स्वतः भरायचे असतात, बारावीचे चालू विषयही दाखवायचे असतात. आपल्याकडे अकरावी म्हणजे जेईई किंवा सीईटीच्या तयारीचं वर्ष. मुलगा दिवसभर क्लासला, कॉलेजात नावापुरता, आणि अकरावीच्या निकालपत्रावर कसेबसे पन्नास टक्के. दहावीचे ९४ शेजारी असले की ते पन्नास आणखीच डोळ्यांत भरतात. कॉलेजातून अकरावीचं सही-शिक्क्याचं निकालपत्र आत्ताच काढून घ्या.

गुण निकालपत्रावर आहेत तसेच भरायचे. टक्क्यांचं ए-बी-सी करून देणाऱ्या साइट नेटवर भरपूर आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. रूपांतर विद्यापीठ करतं. तुम्ही केलेलं रूपांतर नंतर मूळ निकालपत्राशी जुळलं नाही, तर तो चुकीच्या माहितीचा मुद्दा होतो आणि दिलेला प्रवेशही जाऊ शकतो. प्रवेश मिळाल्यावर अंतिम निकालपत्रं साधारण १ जुलैपर्यंत लागतात. बारावीचा निकाल मे-जूनमध्ये लागत असल्यामुळे हातात वेळ थोडा उरतो, हे ध्यानात ठेवा.

माध्यमाचंही एक पाहावं लागतं. माध्यमिक शिक्षणाची शेवटची तीन वर्षं इंग्रजीतून झाली नसतील, तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. आयईएलटीएस या परीक्षेत यूसीची किमान अट ६.५ ची आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि अकरावीपासून सायन्स इंग्रजीतून, अशा मुलाची इंग्रजीची दोनच वर्षं भरतात. सेमी-इंग्रजीवाल्यांनीही वाद घालत न बसता परीक्षा देऊन मोकळं व्हावं.

उरला लेखनाचा भाग. आठ प्रश्नांपैकी चार निवडून प्रत्येकाला जास्तीत जास्त ३५० शब्दांत उत्तर द्यायचं. याला निबंध समजू नका. 'लहानपणापासून मला विज्ञानाची आवड आहे' या वाक्यात वाचणाऱ्याला मिळतं काय? सोसायटीच्या टाकीतली पाण्याची पातळी मोजणारं यंत्र मुलानं केलं असेल, तर त्यानं कोणता सेन्सर वापरला, पावसाळ्यात तो का बिघडला आणि मग काय बदललं, हे लिहू द्या. उपक्रम आणि बक्षिसांच्या २० नोंदी करता येतात. विद्यापीठ काही अर्जदारांना निवडून त्यातल्या एखाद्या नोंदीचा पुरावा मागतं आणि मुदतीत उत्तर गेलं नाही तर अर्ज रद्द होतो. म्हणून त्या महिन्यांत मुलानं ईमेल रोज उघडावा, स्पॅमसकट.

प्रश्न : मुलगी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या पब्लिक हायस्कूलमध्ये दहावीत आहे. शाळेचा जीपीए (ग्रेडची सरासरी) ४.३ दिसतो, यूसीचा वेगळा निघतो म्हणतात. शिवाय ती शनिवारच्या मराठी शाळेत सात वर्षं गेली आहे, त्याचा काही उपयोग? (एक आई, फ्रीमाँट)

उत्तर : वेगळा निघतो हे खरं. यूसी फक्त 'ए ते जी' या प्रवेशासाठी ठरवलेल्या सात गटांतले विषय धरतं आणि नववी संपल्यानंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचेच ग्रेड मोजतं. पीई (शारीरिक शिक्षण) किंवा टीचर्स असिस्टंट अशा विषयांतले ए इथे गळून पडतात. प्लस-मायनस धरत नाहीत, म्हणजे ए-मायनसही पूर्ण ए. ऑनर्सचा (एपी म्हणजे कॉलेज पातळीचे विषयही यातच धरतात) जादा गुण जास्तीत जास्त आठ सेमिस्टरना मिळतो आणि त्यात दहावीतल्या चारच सेमिस्टर चालतात.

हिशेब करून पाहा. दहावी-अकरावीत वर्षाला पाच विषय धरले तर २० सेमिस्टर ग्रेड झाले. त्यात १४ ए (प्रत्येकी ४ गुण) आणि ६ बी (प्रत्येकी ३) असतील तर ५६ अधिक १८, म्हणजे ७४. भागिले २० केले की ३.७. एपीचे आठ सेमिस्टर सी किंवा वरच्या ग्रेडनं पूर्ण असतील तर आठ गुण वाढून ८२ होतात आणि जीपीए ४.१ येतो. एपीचे बारा सेमिस्टर केले तरी या हिशेबात आठच गुण वाढतात. अवघड विषयांची निवड म्हणून बाकीच्यांकडे जरूर पाहिलं जातं, पण एपीच्या ओझ्याखाली दोन सी येणार असतील तर तो सौदा वाईट.

वर्षभर चालणारे एकूण १५ विषय लागतात: इतिहास-समाजशास्त्र २, इंग्रजी ४, गणित ३, विज्ञान २, इंग्रजीखेरीज दुसरी भाषा २, कला १ आणि वैकल्पिक १. यातले ११ अकरावीच्या अखेरीपर्यंत व्हायला हवेत. घसरगुंडी होते ती कलेच्या एका वर्षापाशी. नृत्य, चित्रकला, नाटक यातला एकच विषय वर्षभर करावा लागतो. एक सेमिस्टर हा आणि एक तो, असं सहसा चालत नाही.

मराठीचा उपयोग होऊ शकतो. दुसऱ्या भाषेचं प्रावीण्य आपल्या हायस्कूलच्या प्राचार्यांकडून प्रमाणित करून घेण्याची तरतूद यूसीच्या नियमांत आहे. त्यासाठी प्राचार्य भाषाशिक्षकांचं मत किंवा त्या भाषेच्या सांस्कृतिक संस्थांचा सल्ला घेऊ शकतात. तुमच्या मराठी शाळेकडून वर्षवार अभ्यासक्रम, तासांची संख्या आणि परीक्षेचे निकाल लेटरहेडवर लिहून घ्या आणि हायस्कूलच्या काउन्सेलरला भेटा. प्रमाणपत्राची नोंद ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या अधिकृत निकालपत्रावर, यायला हवी, नुसतं पत्र फाइलमध्ये ठेवून भागत नाही. हे काम दहावीतच उरका. बारावीत काउन्सेलरपुढे शेकडो मुलं रांगेत असतात. सात वर्षं शनिवार-शनिवार मुलीला मराठी शाळेत नेलं आहे, तर ती मराठी ट्रान्सक्रिप्टवर दिसलीच पाहिजे असं आम्हाला मनापासून वाटतं.

प्रश्न : कॉम्प्युटर सायन्सला गर्दी फार. सोपा विषय घालून आत शिरायचं आणि मग बदलायचं, असा सल्ला मिळाला आहे. चालेल का? (एक विद्यार्थी, ठाणे)

उत्तर : यूसीएसडीत हा मार्ग घेऊ नका. इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटर सायन्ससारख्या विषयांत जागा मोजक्या ठेवलेल्या असतात. त्यांना तिथे सिलेक्टिव्ह मेजर म्हणतात. बाहेरून आत येऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ठरल्या वेळी वेगळा अर्ज करावा लागतो आणि चांगले ग्रेड असूनही नकार मिळू शकतो. विषय न ठरवता आलेल्यालाही हीच अडचण.

अर्जात पहिली पसंती खरी लिहा. पर्यायी विषयाची जागा मात्र नीट वापरा. पहिली पसंती कॉम्प्युटर सायन्स आणि पर्याय कॉम्प्युटर इंजिनिअरिंग लिहिलं तर तो पर्याय वायाच जातो, कारण जागांची टंचाई दोन्हीकडे सारखीच. पर्याय असा ठेवा की जिथे मर्यादा नाही आणि जिथे चार वर्षं तुम्ही खरंच आनंदानं शिकाल.

विद्यापीठात आठ अंडरग्रॅज्युएट कॉलेजं आहेत: रेव्हेल, म्यूर, थरगूड मार्शल, वॉरन, एलेनॉर रूझवेल्ट आणि क्रमांकानं ओळखली जाणारी सिक्स्थ, सेव्हन्थ, एट्थ. आपल्याकडच्या संलग्न कॉलेजांसारखी ती नाहीत. कुठल्याही कॉलेजात राहून कुठलाही विषय घेता येतो, डिग्री एकच. वसतिगृह आणि सक्तीचे सामान्य विषय मात्र प्रत्येकाचे वेगळे. रेव्हेलमध्ये ह्युमॅनिटीजचं वाचन, गणित, विज्ञान आणि परकीय भाषा सगळंच जड. म्यूरमध्ये लेखनाचे दोन कोर्स आणि बाकी बरीच मोकळीक. इंजिनिअरिंगवाल्यानं दोन्हींची यादी आपल्या विषयाच्या चार वर्षांच्या आराखड्याशेजारी ठेवून किती कोर्स दोन्हीकडे धरले जातात ते मोजावं.

आणि तिथला क्वार्टर, म्हणजे सत्र. दहा आठवडे शिकवणं, अकराव्यात परीक्षा. बहुतेक कोर्स चार युनिटचे (श्रेयांकांचे), डिग्रीला साधारण १८० युनिट, म्हणजे चार वर्षांतल्या बारा क्वार्टरांत सरासरी पंधरा. पहिली मिडटर्म तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच येऊन उभी राहते. आपल्याकडची 'सबमिशनच्या आधी बसू' ही सवय इथे पार बुडवते. सर्दी-तापानं आठवडा गेला तर दहावा भाग गेला. कोर्स झेपत नसेल तर चौथ्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत सोडा. त्यानंतर सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू (कोर्स सोडल्याची खूण) उमटतो.

प्रश्न : मुलगी राज्य पातळीवर १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाइल पोहते. यूसीएसडीच्या संघात निवड होऊन त्या आधारे प्रवेश मिळेल का? मुलगा क्रिकेट खेळतो, त्याचं काय? (एक पालक, नाशिक)

उत्तर : मुलाचं आधी सांगून टाकतो. एनसीएए या अमेरिकी विद्यापीठांच्या क्रीडासंघटनेच्या स्पर्धांत क्रिकेट नाही, बॅडमिंटनही नाही. हे खेळ क्लब म्हणून खेळले जातात, त्यांच्यावर क्रीडा-शिष्यवृत्तीचा रस्ता उघडत नाही. उपक्रमांच्या नोंदीत मात्र क्रिकेट जरूर लिहा.

यूसीएसडीचे संघ ट्रायटन्स या नावानं खेळतात. २०२० मध्ये ते डिव्हिजन वन या एनसीएएच्या सर्वांत वरच्या श्रेणीत आले आणि बिग वेस्ट परिषदेत, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात, सामील झाले. चार वर्षांचा संक्रमणकाळ संपल्यावर २०२५ मध्ये पुरुष आणि महिला दोन्ही बास्केटबॉल संघांनी परिषदेचं विजेतेपद मिळवून राष्ट्रीय स्पर्धा गाठली, तीही पात्र ठरल्याच्या पहिल्याच मोसमात. अमेरिकन फुटबॉलचा संघ नाही. पाण्यातले खेळ भरपूर: पोहणं, डायव्हिंग, वॉटर पोलो, रोइंग.

मुलीच्या बाबतीत पहिली गोष्ट तरणतलावाची. आपल्या स्पर्धा ५० मीटरच्या तलावात होतात, अमेरिकी विद्यापीठांच्या २५ यार्डांच्या. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. ५० मीटरच्या तलावात १०० मीटरला एकच वळण येतं, तिथे १०० यार्डांना तीन. म्हणून तिथे वळण आणि भिंतीवरून पाय मारून पाण्याखाली जाणारं अंतर यांना फार किंमत. प्रशिक्षकाला व्हिडिओ पाठवताना फक्त सरळ पोहणं दाखवू नका. उडी, वळण आणि पाण्याखालचा भाग बाजूनं चित्रित केलेला हवा. वेळा मीटरमध्येच द्या आणि प्रत्येक वेळेपुढे तलावाची लांबी, स्पर्धेचं नाव, शहर, तारीख लिहा. यार्डांतलं रूपांतर ते करतात. त्याच ईमेलमध्ये बारावी पूर्ण होण्याचं वर्ष, नववीपासूनचे गुण आणि कोणता विषय शिकायचा आहे तेही हवं.

पोहण्यात प्रशिक्षक दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपासून थेट बोलू शकतात. त्याआधी तुमच्या ईमेलला उत्तर आलं नाही तर नाराज होऊ नका, नियमच तसा आहे. बारावीच्या डिसेंबरात पत्र लिहिणं म्हणजे गाडी सुटल्यावर स्टेशनात येणं.

खेळाची पात्रता आणि विद्यापीठाचा प्रवेश या दोन वेगळ्या खिडक्या आहेत. एनसीएएच्या पात्रता केंद्रात वेगळं खातं उघडून नववी ते बारावीची निकालपत्रं द्यावी लागतात. डिव्हिजन वनसाठी १६ मुख्य विषय आणि त्यांत किमान २.३ जीपीए लागतो. यूसीला राज्याबाहेरच्या आणि परदेशी विद्यार्थ्याकडून किमान ३.४ जीपीए अपेक्षित असतो, म्हणजे एनसीएएची पायरी ओलांडली तरी विद्यापीठाचं दार उघडलं असं नाही. प्रशिक्षकानं रस दाखवला तरी ३० नोव्हेंबरची मुदत तीच. 'कोचनं हो म्हटलंय' म्हणून अर्ज राहून गेला तर कोच काही करू शकत नाही. बक्षिसाची रक्कम, प्रायोजकाकडून मिळालेलं साहित्य, प्रवासखर्च यांची नोंद वहीत ठेवा, कारण पात्रता केंद्र हे विचारतं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेल्यावर जाहिरातीतून पैसे घेण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारा. एनसीएए परवानगी देतं म्हणून व्हिसा देतो असं नाही.

तिथे गेल्यावरचा धोका १२ युनिटचा. खेळाडूला पूर्णवेळ, म्हणजे किमान १२ युनिट घेतलेलं असावंच लागतं. तीन कोर्स घेतले आणि रसायनशास्त्र जड जातंय म्हणून मध्येच एक सोडला, की युनिट आठवर येतात आणि मोसमाच्या मधोमध स्पर्धेत उतरता येत नाही. म्हणून क्वार्टरची सुरुवात १६ युनिटनं करावी. मोसमात सरावाला आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, पण प्रवास आणि दुखापतीवरचे उपचार त्या वीसात मोजत नाहीत.

प्रश्न : आम्ही एच-१बी या कामाच्या व्हिसावर आहोत, मुलगा एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर. डिसेंबर २०२५ मध्ये टेक्सासहून सॅन डिएगोला आलो. २०२६ च्या सप्टेंबरात प्रवेश मिळाला तर राज्यातल्या रहिवाशाची फी लागेल ना? (एक वाचक, सॅन डिएगो)

उत्तर : त्या सप्टेंबरात नाही. रहिवासी ठरण्यासाठी वर्ग सुरू होण्याआधी ३६६ दिवस कॅलिफोर्नियात प्रत्यक्ष वास्तव्य हवं आणि इथेच राहण्याचा हेतूही दाखवावा लागतो. डिसेंबर ते सप्टेंबर हे जेमतेम नऊ महिने. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो, त्यासाठी कॅलिफोर्नियाचा वाहन परवाना, गाडीची नोंदणी, राज्याचा आयकर, भाडेकरार हे सगळं आत्तापासून तारखेनिशी जपा. गाडी टेक्सासच्याच नंबर प्लेटवर वर्षभर फिरली तर हेतूवर शंका येते.

फरक मोठा आहे. २०२५-२६ मध्ये नव्यानं आलेल्या अनिवासी विद्यार्थ्याला मूळ फीशिवाय वर्षाला ३७,६०२ डॉलर जादा पडतात. प्रवेशानंतर निवासाचं निवेदनपत्र भरून द्यायचं असतं. ते भरलंच नाही तर वर्षानुवर्षं इथे राहणाराही अनिवासी धरला जातो.

एच-४ असणं रहिवासी ठरण्याच्या आड येत नाही, एफ-१ येतो. आणि मुलगा २१ वर्षांचा झाला की एच-४ संपतो, बहुधा डिग्रीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी. तो एफ-१ वर गेल्यास फीवर काय परिणाम होईल हे वर्षभर आधी विद्यापीठाच्या निवास-निर्धारण कार्यालयाला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. एच-४ वर असताना त्याला अमेरिकी केंद्र सरकारची विद्यार्थी मदत मिळत नाही आणि कॅम्पसवर पगारी कामही करता येत नाही, हे खर्चाच्या आराखड्यात आधीच धरा.

प्रश्न : मला मरीन बायॉलॉजी शिकायचं आहे. अकरावीला पीसीबी घेऊन गणित सोडलं तर चालेल? (एक विद्यार्थिनी, रत्नागिरी)

उत्तर : गणित सोडू नका. यूसीला नववी ते बारावीत किमान तीन वर्षं गणित लागतं. दहावीनंतर सोडलंत तर दोनच भरतात. शिवाय यूसीएसडीत मरीन बायॉलॉजीची बी.एस. स्क्रिप्समार्फत शिकवली जाते आणि तिच्या पायाला कॅल्क्युलस, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र असतं. मासे आणि प्रवाळ नंतर येतात. पीसीएमबी घ्या.

समुद्राचा अभ्यास म्हणजे बराचसा धीर धरून केलेली मोजणी. स्क्रिप्सच्या धक्क्यावर १९१६ पासून रोज समुद्राच्या पाण्याचं तापमान घेतलं जातं आहे. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची जगप्रसिद्ध नोंद १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआ या ज्वालामुखी पर्वतावर सुरू करणारे चार्ल्स डेव्हिड कीलिंग याच संस्थेतले. तुम्ही तर समुद्राकाठीच राहता. साधा थर्मामीटर घ्या, मिऱ्या किंवा भाट्ये किनाऱ्यावर रोज एकाच वेळी, एकाच खोलीवर पाण्याचं तापमान घ्या, भरती-ओहोटी आणि पाऊस शेजारी लिहा. जूनमध्ये समुद्र खवळल्यावर किनाऱ्यावरूनच बादलीनं पाणी घ्या, आत उतरू नका, आणि वहीत तसं नमूद करा. वर्षभराची अशी वही ३५० शब्दांच्या उत्तरात फार वजनदार ठरेल.

एवढा खर्च झेपणारा नसेल तर जवळच चांगल्या वाटा आहेत. रत्नागिरीतच शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, गोवा विद्यापीठात सागरी विज्ञान शिकवलं जातं आणि दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. इथे पदवी करून पीएच.डी.साठी स्क्रिप्सला जाणं पैशाच्या दृष्टीनं पदवीपेक्षा कितीतरी सुकर, कारण तिथल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना सहसा फी आणि निर्वाहवेतन मिळतं. गणित मात्र त्याही वाटेवर लागेलच.